छोट्या कारमागे ट्रेलर, ट्रेलरवर मोटरसायकल

बाइकला हात लावण्याआधी कारचं दार उघडा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, नाहीतर बॉनेटखाली, वजनांचे आकडे छापलेली एक छोटी पट्टी असते. तिच्या जोडीला कारसोबत आलेली पुस्तिका घ्या, जी बहुतेकांनी प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलेली नसते. त्यात 'टोइंग' असं प्रकरण असतं. तिथे स्पष्ट लिहिलेलं असेल की ही गाडी ओढण्यासाठी नाही, तर विषय संपला. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं नेमकं असंच असतं. इंजिन दमदार आहे म्हणून ओढेल हा हिशेब चुकीचा. कंपनीने गिअरबॉक्स, कूलिंग, मागचा सांगाडा आणि ब्रेक धरून आकडा दिलेला असतो.

आकडे साधारण तीन लागतात. ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल, बिनब्रेकचा किती, आणि कार अधिक ट्रेलर मिळून एकूण किती. छोट्या कारला बिनब्रेकच्या ट्रेलरचा आकडा बऱ्याचदा 400 ते 600 किलोच्या आसपास असतो, आणि एका बाइकचे ट्रेलर बहुतेक बिनब्रेकचेच असतात. आता बेरीज करा. रिकामा ट्रेलर 130 किलो, बाइक 190, पट्टे, रॅम्प, स्टेपनी वगैरे 30. झाले 350. मर्यादा 450 असेल तर तुम्ही आरामात आत आहात. बाइकचं वजन मात्र पेट्रोल, तेल, बॅटरीसकटचं धरा. जाहिरातीत कधीकधी कोरडं वजन दिलेलं असतं. टाकीत 15 लिटर पेट्रोल म्हणजेच 11 किलो होतात. टाकी पाव भरून नेणं सगळ्यात सोपं.

फसायला होतं ते तिसऱ्या आकड्यात. कारमध्ये चार माणसं आणि डिकीभर सामान असेल, तर ट्रेलर आपल्या मर्यादेत असूनही एकूण वजन पुढे जातं. शिवाय युरोपात ओढण्याची क्षमता ठरवताना भरलेली जोडी 12 टक्के चढावर थांबवून, तिथूनच पाच मिनिटांत पाच वेळा पुन्हा निघू शकते का, हे पाहतात. म्हणजे घाटात गाडी थांबली तर निघेल का, हा प्रश्न त्या आकड्यात आधीच आहे. आकडा ओलांडलात की त्याचं उत्तर क्लच देतो, वासाने.

परवाना, विमा आणि ट्रेलरसह वेगमर्यादा हे तुमच्या तिथल्या नियमांप्रमाणे बघून घ्या. ट्रेलर लावल्यावर वेगमर्यादा कमी होणं अनेक देशांत आहे, आणि ट्रेलर लावला की विमा आपोआप लागू होतोच असं नाही.

बॉल, कपलर आणि साखळी

कारच्या मागे टो-बार, त्याच्या टोकाला टो-बॉल, आणि ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला त्या बॉलवर बसणारा कपलर. बॉलची मापं जगात एकसारखी नाहीत. 50 मिलिमीटरचा एक, 2 इंचांचा म्हणजे 50.8 मिलिमीटरचा दुसरा, आणि पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, 47.6 मिलिमीटरचा तिसरा. डोळ्यांना हे सगळे जवळपास सारखे दिसतात. छोट्या बॉलवर मोठा कपलर बसतोही, 'खट' असा आवाजही येतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो वर उचलला जातो. माप बॉलवर आणि कपलरवर कोरलेलं असतं. दोन्हीकडे तेच वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टो-बार बंपरला नाही, गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेला हवा, तोही त्याच मॉडेलसाठी बनवलेला. वेल्डिंग करून जुगाड केलेला टो-बार मी फुकटातही घेणार नाही.

कपलर बसवण्याची रीत: ट्रेलरच्या पुढचं आधारचाक फिरवून दांडी वर घ्या, कार मागे आणा, कपलर बॉलवर उतरवा, लीव्हर बंद होऊ द्या. मग उलटं करा. आधारचाक पुन्हा फिरवून दांडी वर उचला. कारचा मागचा भागही सोबत वर आला पाहिजे. ट्रेलर एकटाच वर आला, तर कपलर बॉलवर नुसता टेकला होता, आतला कान बॉलच्या खाली गेलाच नव्हता. नवख्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती पकडायला वीस सेकंद लागतात. झालं की आधारचाक पूर्ण वर घेऊन घट्ट आवळा. तसंच खाली राहिलं तर पहिल्या गतिरोधकावर मोडून पडतं.

सुरक्षा साखळ्या दोन असतील तर दांडीखाली एकमेकींना छेद देऊन लावा. कपलर सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवा, पण रस्त्याला घासेल इतकी नको.

दिव्यांचा प्लग 7 पिनांचा किंवा 13 पिनांचा असतो, काही ठिकाणी चार पिनांचाही चालतो. अलीकडच्या गाड्यांत वायरिंग कॉम्प्युटरच्या ताब्यात असतं, त्यामुळे मागच्या दिव्याची वायर सोलून जोड मारणं टाळा. त्या मॉडेलचं तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जोडसंच, घ्या. तपासायला दुसरा माणूस नसेल तर संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा. ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, टेल-लाइट, सगळं भिंतीवर आणि आरशात दिसतं.

ट्रेलरचे टायर वयाने मरतात

कारचे टायर झिजून संपतात. ट्रेलरचे टायर वर्षातून चार वेळा फिरतात, बाकी दिवस उन्हात उभे असतात. नक्षी नव्यासारखी आणि रबर भेगाळलेलं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का शोधा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हवा किती भरायची तेही तिथेच किंवा ट्रेलरच्या पट्टीवर असतं, आणि ते बऱ्याचदा कारच्या टायरपेक्षा जास्त असतं.

चाक छोटं असण्याचा आणखी एक अर्थ आहे. ताशी 80 किलोमीटरला कारचं चाक मिनिटाला साधारण 700 फेरे घेतं. ट्रेलरचं, जेमतेम 42 सेंटीमीटर व्यासाचं चाक हजारापर्यंत जातं. तेवढंच बेअरिंग जास्त तापतं. निघण्याआधी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर ऐकू आली किंवा वर-खाली हलवून खेळ जाणवला, तर आज जायचं नाही.

रॅम्पवरून वर

माझी पहिली खेप इथेच फसली होती. अंगणात ट्रेलर सुटा ठेवला होता, कारला न लावताच. म्हटलं, आधी बाइक चढवू, मग कार आणू. बाइकचं पुढचं चाक रॅम्प ओलांडून आत गेलं, मागचं ट्रेलरच्या शेपटाच्या कडेवर आलं आणि ट्रेलरची दांडी आकाशाकडे गेली. शेपूट जमिनीवर आपटलं. बाइक पडली नाही, कारण ती माझ्या अंगावर रेलली होती. तेव्हापासून क्रम पक्का आहे: आधी ट्रेलर कारला जोडायचा, हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये, जागा सपाट. मगच रॅम्प लावायचा.

रॅम्प लांब घ्या. ट्रेलरचा फळा, म्हणजे बाइक उभी राहते तो तळ, जमिनीपासून 50 सेंटीमीटर उंच असेल, तर 2 मीटरच्या रॅम्पचा चढ साधारण 14 अंशांचा होतो, 1.2 मीटरच्या रॅम्पचा 25 अंशांच्या जवळ. छोट्या रॅम्पवर चढायला त्रास तर होतोच, शिवाय वरच्या कडेवर इंजिनाचं पोट किंवा सायलेन्सर टेकतो. रॅम्पचं वरचं टोक ट्रेलरला पट्ट्याने किंवा पिनने बांधलेलं हवंच. मागचं चाक जोर लावतं तेव्हा मोकळा रॅम्प मागे सटकतो, आणि बाइक हवेत असते.

बाइकच्या डाव्या बाजूला उभे राहा. दोन्ही हात हँडलवर, अंग बाइककडे किंचित रेललेलं. बाइक हलकी असेल तर दोघांनी ढकलून चढवा: एक हँडलपाशी, दुसरा मागून. जड असेल तर इंजिन चालू, पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि तुम्ही शेजारून चालत. तुमच्या पावलांसाठी रॅम्पशेजारी एक रुंद फळी किंवा दुसरा रॅम्प लावा, नाहीतर अर्ध्या वाटेत बाइक वर आणि तुम्ही खाली असे अडकता. बाइकवर बसून चढवणारे लोक तुम्हाला दिसतील. त्यांना चढवू द्या.

मध्येच थांबावं लागलं तर नवशिक्याचा हात आधी पुढच्या ब्रेककडे जातो. चढावर बाइकचं बहुतेक वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं; पुढचं चाक ब्रेक धरूनही सरकत मागे येतं. त्या वेळी क्लच सोडून द्या. इंजिन बंद पडेल, गिअर मागचं चाक धरून ठेवेल, आणि बाइक जागच्या जागी उभी राहील. हे सपाट जमिनीवर दोन-तीनदा करून बघा, म्हणजे रॅम्पवर हात आपोआप तेच करतो.

बांधणं

पुढचं चाक ट्रेलरवरच्या खोबणीत किंवा चॉकमध्ये, म्हणजे चाक अडवून धरणाऱ्या चौकटीत, टेकवा. साइड स्टँड वर. बाइक ट्रेलरवर साइड स्टँडवर टेकवून नेणं चूक आहे; प्रत्येक दचक्यात ते स्टँड हातोड्यासारखं फळ्यावर बसतं आणि पट्टे ढिले होत जातात. हँडल लॉक करू नका, पट्ट्यांच्या ताणाने लॉकवर जोर येतो. पहिला गिअर टाका. बाइकला हालचालीवर वाजणारा अलार्म असेल तर तो बंद करा. नाहीतर ती सगळ्या रस्त्याला ओरडत जाईल.

पट्टे रॅचेटचे, म्हणजे खटक्या-खटक्याने आवळणारे, चार. सोबत चार मऊ फास, म्हणजे कापडी पट्ट्याचे छोटे लूप, जे बाइकच्या लोखंडाभोवती जातात आणि मग त्यांत रॅचेटचा हूक अडकतो. हूक थेट बाइकला लावला की रंग जातो, आणि दचक्यात हूक निसटायलाही वाव मिळतो. पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात: तुटण्याचा आणि वापरण्याचा. बघायचा तो वापरण्याचा, जो लहान असतो. हिशेब सांगतो. माल बांधण्याच्या युरोपियन मानकानुसार जोराच्या ब्रेकमध्ये पुढे ढकलणारा जोर वजनाच्या 0.8 पट धरतात, बाजूला आणि मागे 0.5 पट. 190 किलोच्या बाइकला पुढे साधारण 150 किलोचा धक्का. दोरी, कपडे वाळत घालायची नायलॉनची तर मुळीच नाही.

पुढचे दोन पट्टे कुठे लावायचे? फोर्क (पुढच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर) जिथे धरलेला असतो त्या खालच्या जाड पट्टीभोवती, म्हणजे खालच्या यॉकभोवती. हँडलच्या टोकांना नको, ती वाकतात. ब्रेकच्या नळ्या, वायरी, इंडिकेटर यांच्यावरून पट्टा जाणार नाही हे बोट फिरवून बघा. पट्टे खाली, बाहेर आणि किंचित पुढे जायला हवेत; वरून पाहिलं तर बाइकपासून फाकलेले पाय दिसावेत.

आता आवळणं. एका बाजूने दोन खटके, दुसऱ्या बाजूने दोन खटके. एकच बाजू पूर्ण आवळली तर बाइक तिकडे झुकते आणि मग दुसऱ्या बाजूला कितीही ओढलं तरी सरळ होत नाही. पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यांच्या एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दबले की थांबा. दाबायचं का, तर खड्ड्यात फोर्क आणखी दबला की पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि हूक सुटतो. आधीच दाबून ठेवलं तर ती ढील उरत नाही. पूर्ण तळाला मात्र नेऊ नका, ऑइल सीलला ते मानवत नाही. लांबच्या प्रवासाला टायर आणि मडगार्डच्या मध्ये, फोर्कच्या मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवणारेही आहेत, त्याने जास्त दाबण्याची भीती जाते. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे किमान दीड-दोन वेढे पडलेले असावेत.

मागच्या दोन पट्ट्यांचं काम हलकं आहे. मागचं चाक उडून बाजूला सरकू नये एवढंच. सीटखालच्या फ्रेमला किंवा मागच्या फूटरेस्टच्या कंसाला, खाली आणि मागे.

प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणतो आणि झिजतो. उरलेलं लोंबतं टोक गुंडाळून गाठ मारा. ते चाकात गेलेलं मी एकदा पाहिलं आहे. बाइकवर ताडपत्री नको. वाऱ्यात तिची फडफड रंगावर सँडपेपरचं काम करते.

शेवटी बाइकच्या शेपटीला धरून जोरात हलवा. बाइक, ट्रेलर आणि कार तिघं मिळून हलले तर बांधणी झाली. बाइक एकटीच हलली तर पुन्हा रॅचेट.

वजन पुढे किती

हे मी मुद्दाम बांधण्यानंतर ठेवलं, कारण बहुतेक जण इथवर येऊन चावी फिरवतात. थांबा.

ट्रेलरची दांडी बॉलवर किती वजनाने टेकते, यावर ट्रेलर सरळ चालेल की लहरेल हे बरंचसं ठरतं. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते, जू वर उचलतं. ट्रेलरही उलाळ होतो, फक्त तो उचलला जाताना दिसत नाही. तो आधी हळूच, मग जोरात डावी-उजवीकडे शेपूट मारायला लागतो, आणि छोटी कार त्याच्यासोबत डुलायला लागते.

युरोपात बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 4 ते 7 टक्के भार सांगतात, अमेरिकेत 10 ते 15. माझं मत विचाराल तर छोट्या कारला 7 ते 10 टक्के बरं पडतं: 350 किलोच्या ट्रेलरला 25 ते 35 किलो. अट एकच, बॉलची आणि टो-बारची मर्यादा ओलांडायची नाही. छोट्या कारला ती बऱ्याचदा 50 ते 75 किलो असते, आणि कोणता आकडा लहान तो धरायचा.

मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. बॉलच्या उंचीएवढा होईल असा लाकडाचा दांडका काट्यावर उभा करा, ट्रेलर समतल धरून कपलर त्यावर टेकवा, आकडा वाचा. चाकं आधी ठोकळ्यांनी अडवा. कमी आला तर बाइक पुढे सरकवा. बॉल आणि एक्सलमधलं अंतर 2 मीटर असेल, तर 190 किलोची बाइक 10 सेंटीमीटर पुढे घेतली की बॉलवर साधारण साडेनऊ किलो वाढतात. म्हणजे चॉकचा बोल्ट एक-दोन भोकं पुढे घेतला तरी काम होतं. योग्य जागा सापडली की फळ्यावर रंगाची रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी मोजावं लागणार नाही.

रस्त्यावर

पहिले 10 किलोमीटर सावकाश, मग थांबा. काहीही झालं तरी थांबा. पट्टे हाताने दाबून बघा. पहिल्या टप्प्यात ते हमखास एक-दोन खटके ढिले होतात. कपलर, साखळी, प्लग बघा. ट्रेलरच्या दोन्ही हबांवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर, हाताची मागची बाजू आणा: कोमट चालेल, हात टिकत नसेल तर बेअरिंग जातंय. त्यानंतर दर तासा-दीड तासाने हेच.

ट्रेलर वळणावर आतून कापतो, म्हणून वळण रुंद घ्या. गतिरोधक सरळ आणि संथ ओलांडा, तिरके नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे तुमच्या कारच्या ब्रेकवर आलेलं 350 किलोंचं ओझं. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात तर थांबवायची ऊर्जा 56 टक्क्यांनी वाढते, 25 नाही. उतारावर खालचा गिअर आधीच घ्या, ब्रेक तापल्यावर नाही. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या कारमध्ये बॉलवरचं वजन पुढची चाकं थोडी हलकी करतं, त्यामुळे ओल्या चढावर निघताना ती फिरतात. अ‍ॅक्सिलरेटर हळू द्या. रात्री हेडलाइटची दिशा एक-दोन अंक खाली घ्या, नाहीतर समोरचे शिव्या देतात आणि त्यांचं बरोबर असतं.

ट्रेलर लहरायला लागला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूच काढा, स्टिअरिंग सरळ आणि स्थिर धरा, वेग उतरू द्या. जोराचा ब्रेक नाही, वेग वाढवून 'ओढून सरळ करणं' तर नाहीच, आणि स्टिअरिंगने त्याच्याशी भांडू नका. तुमची प्रत्येक दुरुस्ती त्याच्यापर्यंत उशिरा पोचते आणि लहर वाढवते. शांत झाला की थांबा, आणि वजन मागे सरकलंय का ते बघा. मोठा ट्रक शेजारून जातो तेव्हा एक हलका धक्का बसतो, तो वेगळा. तो एकदाच येऊन जातो.

रिव्हर्ससाठी एक युक्ती: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं शेपूट जिकडे जायला हवं, तिकडे हात न्या. थोडंसंच. छोटा ट्रेलर फार पटकन घडी घालतो, कारच्या बंपरला दांडी टेकते. कोन वाढायला लागला की पुढे जाऊन सरळ करा, पुन्हा प्रयत्न करा. आणि पाचव्या प्रयत्नातही जमत नसेल तर बाइक आधी उतरवा, ट्रेलर सोडवा आणि हाताने ढकलून जागेवर न्या. रिकामा 130 किलोचा ट्रेलर दोन माणसांना जड नाही.

उतरवताना

ट्रेलर कारला जोडलेलाच हवा, हँडब्रेक वर, रॅम्प बांधलेला. मागचे पट्टे आधी सोडा. पुढच्यांपैकी एक सोडताना कोणीतरी बाइक धरून उभं असू द्या, कारण रॅचेट उघडताच सगळा ताण एका झटक्यात सुटतो आणि दबलेला फोर्क वर उसळतो. मग दुसरा.

इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबून बाइक मागे सोडत या. इथेही बहुतेक भार खालच्या, म्हणजे मागच्या चाकावर असतो, त्यामुळे ब्रेकचं काम क्लचनेच करायचं: थोडा सोडला की बाइक अडते, दाबला की सरकते.

परतीचा रिकामा ट्रेलर मला भरलेल्यापेक्षा जास्त सतावतो. तो उड्या मारतो, आवाज करतो, आणि आरशात दिसतच नाही, त्यामुळे मागे काही आहे हेच विसरायला होतं. रॅम्प आणि पट्टे फळ्यावर घट्ट बांधा, आणि मागच्या दोन कोपऱ्यांना मीटरभर उंचीच्या दोन उभ्या काठ्या लावा. मी टोकांना लाल कापड बांधतो.